आत शिरलं म्हणजे पोचलं नव्हे

“हे पेप्टाइड ऊर्जा न वापरता पेशीपटलातून थेट आरपार जातं आणि औषध केंद्रकात पोचवतं” हे औषध पेशीत नेणाऱ्या पेप्टाइडांवरच्या (म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवरच्या) लेखातलं वाक्य खटकलं. एचआयव्हीचं टॅट प्रथिन पेशीत आपणहून शिरतं हे १९८८मध्ये कळलं आणि पुढे बरीच वर्षं ते थेट आरपार जातं असंच मानत होते. पण २००३मध्ये दाखवून दिलं गेलं, की फॉर्मल्डिहाइडने पेशी ‘फिक्स’ करतानाच (म्हणजे मारून आहे तशा टिकवतानाच) पटलाला चिकटून बसलेलं पेप्टाइड आत झिरपतं.

मी स्वतः यात फसलेय. इथे बडोद्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला पेप्टाइडला चमकणारा हिरवा रंग जोडला होता; फिक्स केलेल्या पेशींची केंद्रकं हिरवीगार चमकताना पाहिली आणि त्याच संध्याकाळी घरी पेढे नेले! सर एवढंच म्हणाले, “जिवंत पेशी बघ, आधी ट्रिप्सिनने धू.” ट्रिप्सिन हे विकर बाहेरून चिकटलेलं पेप्टाइड कापून काढतं. दुसऱ्या दिवशी केंद्रकं काळीभोर, भोवती नुसते हिरवे ठिपके. ते ठिपके म्हणजे एंडोसोम, पेशी बाहेरचं काही गिळते तेव्हा आत बनणाऱ्या पिशव्या. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात पाहुण्याला देवडीवरच बसवून ठेवावं, तसं. वाड्यात आला, पण माजघरात नाही. तिथून सुटका झाली नाही तर पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, औषधाचाच फडशा पडतो. थेट शिरकाव होतच नाही असं नाही, पेप्टाइडमध्ये आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मात्रा जास्त असली की होतो. पण त्या मात्रेला पेशीही बिचाऱ्या कधीकधी मरतात. खरं घोडं अडलंय ते एंडोसोममधून बाहेर पडण्यात, आणि लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.