भेंडी न उगवल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन अभिप्रायात आमच्या बियाणे केंद्राला एकच तारा देताना आपण लिहिले आहे की, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोबलेली भेंडी आणि ढेमसे उगवलेच नाहीत, नोव्हेंबरात नेलेल्या टोमॅटोच्या रोपांची पाने काळी पडली, आणि दंव गोठण्याची शेवटची तारीख विचारल्यावर दुकानातील मुलाने “आपल्याकडे तशी तारीख नसते” असे सांगून विषय संपवला. बियाणे जुने होते, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

पाकिटाचे छायाचित्र आपणच टाकले आहे. त्यावरील चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत पाहता बी मुदतीतले आहे, आणि भेंडीसाठी किमान ६५ टक्के उगवणशक्तीची अट असते. वाफ्यातून उकरलेले बी फुगून मऊ पडले आहे, एवढेच दुसऱ्या छायाचित्रात दिसते. मेलेले बीही असेच कुजते आणि थंड, ओल्या मातीत अडकलेले चांगले बीही असेच कुजते, त्यामुळे नुसते पाहून निवाडा करता येत नाही. भेंडीला उगवायला २५ ते ३० अंशांची ऊबदार माती मानवते आणि १६ अंशांच्या खाली ती जवळजवळ हलतच नाही. आपली जमीन काळी, भारी. त्यात टोबल्यावर आपण रोज संध्याकाळी भरपूर पाणी दिले असे लिहिले आहे. पौषातल्या रात्री अशा वाफ्यात बी टिकले असते तरच नवल.

टोमॅटोचे कारण तर आपल्याच छायाचित्रात आहे. एकाच ट्रेमधली रोपे, पण घराच्या भिंतीलगतची ओळ हिरवीगार आणि नाल्याकडच्या खोलगट भागातली काळवंडलेली. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडते व थंड, जड हवा उताराने खाली जाऊन साचते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. हे मोजमाप जमिनीपासून वर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते, आणि तशा रात्री जमिनीलगतची पाने त्याहूनही गार होतात.

आता तारखेविषयी. मुलाचे उत्तर तोकडे होते, चुकीचे नव्हते. कॅनडासारख्या देशात वसंतातील शेवटचे आणि शरदातील पहिले गोठण यांच्यामधला काळ हाच भाजीपाल्याचा हंगाम असतो, आणि त्या तारखाही अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या शक्यताच असतात. मोबाइलवर दिसणारे अशा तारखांचे तक्ते तिकडच्यासाठी बरोबर आहेत. विदर्भात दंव काही वर्षी, काही ठिकाणीच गोठते. आपला हंगाम खरा तोडते ते ऊन. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोची फुले गळतात, आणि आपल्याकडे मार्चमध्ये ते सुरू होते. म्हणून मोजणी मार्चच्या मध्यापासून मागे करावी लागते: लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत दोन-सव्वादोन महिने, पुढे महिना-दीड महिना तोडे, म्हणजे रोपे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाफ्यात गेलेली बरी आणि बी त्याआधी महिनाभर गादीवाफ्यावर पडलेले हवे. भेंडी, ढेमसे, काकडी, चवळी यांचे गणित उलटे आहे. त्यांना थंडी सरू द्यावी लागते. संक्रांतीनंतर, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत त्यांची उन्हाळी लावणी आणि मृग बरसल्यावर पावसाळी लावणी, हा आपल्या भागातला चालत आलेला क्रम आहे. डिसेंबरात रिकाम्या राहिलेल्या वाफ्यात मेथी, पालक, मुळा, सांभार (कोथिंबीर) टाकावा. सांभार मात्र फेब्रुवारीवर ढकलू नये, कारण ऊन लागताच तो पाने धरण्याऐवजी फुलावर येतो.

काळवंडलेली रोपे आताच उपटू नका आणि त्यांना युरियाही देऊ नका. शेंडा हिरवा असेल तर खालून फूट येते. मेलेली पाने थंडी ओसरल्यावर काढावीत. तोपर्यंत थंडीची लाट असेल तेव्हा संध्याकाळी हलके पाणी देऊन नाल्याकडच्या ओळीवर तुराट्यांच्या आधाराने जुने लुगडे अंथरा आणि सकाळी ऊन आले की काढा.

पाकिटात उरलेल्या बियांपैकी २० बिया ओल्या किलतानात (गोणपाटात) गुंडाळून चुलीजवळ, पण आचेपासून दूर ठेवा, आणि किलतान वाळू देऊ नका. आठवड्याभरात १३ पेक्षा कमी बियांना मोड आले, तर पाकीट आणि किलतान तसेच घेऊन या. बियाण्याचे पैसे परत मिळतील. मोड नीट आले, तर तेच बी जानेवारीच्या अखेरीस रात्रभर भिजवून लावा.