देशाची १७ टक्के जमीन खरंच पडून आहे का?

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे: "देशाची १७ टक्के जमीन पडीक आहे. तिथे काही पिकत नाही, ती कुणी वापरत नाही, बहुतेक सरकारीच आहे. झाडं लावा, सोलर बसवा, कुणाचंच नुकसान नाही." यातला आकडा खरा आहे. पुढची विधानं मात्र टिकत नाहीत, आणि त्यांची किंमत मेंढपाळ मोजतात, म्हणून एकेक घेतो.

"१७ टक्के जमीन पडून आहे." हा आकडा २०१९च्या सरकारी पडीक जमीन अ‍ॅटलासमधला: १६.९६ टक्के, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरांहून थोडी जास्त. मोजणी उपग्रहचित्रांवरून, २३ प्रकारांत झाली. त्यांत हिमालयातला बर्फाखालचा भाग आहे, वाळवंटातली वाळू आहे, उघडा खडक आणि दलदल आहे, झुडपी रान आहे आणि झिजलेली कुरणंही आहेत. या सगळ्याची बेरीज करून तिला 'रिकामी जागा' म्हणणं चूक आहे.

"कुणी वापरत नाही." पडीक हा मुळात महसुलाच्या दप्तरातला शब्द. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा असतो ना, लागवडीला अयोग्य म्हणून आकारणीतून वगळलेला, तोच हिशेब. पीक नाही, सारा नाही, म्हणून पडीक. पण त्या जमिनीवर चरणाऱ्या जनावरांची नोंद कुठल्या रकान्यात करणार? २०१९च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आणि जवळपास १५ कोटी शेळ्या होत्या. महसुली आकडेवारीत 'कायमची कुरणे व चराऊ कुरणे' या रकान्यात जेमतेम १ कोटी हेक्टर जमीन दिसते, आणि गाईम्हशी तर या हिशेबात अजून धरलेल्याच नाहीत. एवढी जनावरं तेवढ्यावर जगत नाहीत. ती पडीवर, माळावर, जंगलाच्या कडेला आणि कापणी झालेल्या रानात चरतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतात. शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाळ्यात हीच मेंढरं परत देशावरच्या कोरड्या माळांवर येतात, कारण कोकणातला पाऊस त्यांना सोसत नाही. माळ गेला तर चार महिने जायचं कुठे? शिवाय मेंढरं घटली की लेंडीखतही घटतं. म्हणजे अ‍ॅटलासमधला पडीक तुकडा दूरच्या भातखाचराला खत पुरवत असतो.

"झाडं लावली तर भलंच होईल." हे विधान इतकं सद्भावनेनं केलं जातं की खोडताना वाईट वाटतं. पण गवताळ माळ म्हणजे मोडलेलं जंगल असं नसतं; कमी पावसाच्या, उथळ मातीच्या मुलखात गवत हेच मूळचं रान असू शकतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. तिथे दाट झाडी उभी केली तर त्याचं घरच मोडतं. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यालाही, म्हणजे कातळी पठारालाही, वरवर पाहणारा नापीक कातळच म्हणेल, आणि भाद्रपदात तोच कातळ फुलांनी झाकलेला असतो.

सोलर हवंच, त्याबद्दल वाद नाही. १ मेगावॉटला साधारण ४-५ एकर लागतात, तेव्हा जागाही लागणारच. ती ठरवताना आधी छपरं आणि कालवे पाहावेत, मग माळाकडे वळावं, आणि वळताना त्या माळावर चारणाऱ्यांना विचारावं, एवढंच म्हणणं आहे.

"सरकारी, म्हणजे कुणाचीच नाही." गायरान गावाच्या सामाईक वापरासाठी राखलेलं असतं. जानेवारी २०११मध्ये जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना आखा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. राजस्थानात ओरणं आहेत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं. त्यांतली कित्येक दप्तरात पडीक म्हणूनच लिहिलेली. डिसेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थान सरकारला ही देवरानं मोजून अधिसूचित करायला सांगितलं, आणि मोजणी उपग्रहावरून तर कराच, पण प्रत्यक्ष जागेवर जाऊनही करा, असं सांगितलं.