साखरेचा डबा माळ्यावर

बेळगावात राहून साखर सोडायची म्हणजे आधी रस्ते सोडावे लागतात. बाजारात कुंदा, लग्नघरात मांडे, गोकाकच्या पाहुण्याच्या पिशवीत करदंट. आणि संकेश्वरकडे निघावं तर पुढे उसाची ट्रॉली, ओव्हरटेकही करू देत नाही.

बरं, हे सगळं टाळलं, डबा माळ्यावर टाकला. तरी तोंडातला कारखाना चालूच, आणि त्याला गळीत हंगाम नसतो. जोंधळ्याच्या भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम (पचन करणारं रसायन) स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडतं आणि माल्टोज तयार होतं, म्हणजे ग्लुकोजचे दोन कण हातात हात घालून. माझ्या मते ही सरळसरळ घरातलीच फितुरी आहे.

त्यात शेजारच्या अक्का सुचवणार, "साखर नको तर नाचण्याचं माल्ट पी की!" माल्ट या नावातच माल्टोज लपलंय, पण सांगणार कुणाला? करायचंच तर नीट करा. नाचणा रात्रभर भिजवा, पाणी पूर्ण निथळा (निथळलं नाही तर आंबूस वास येतो, पुढे बुरशी), ओल्या फडक्यात दिवस-दीड दिवस बांधा. बारीक मोड आले की सावलीत खडखडीत वाळवा, मोड चोळून काढा, कच्चा वास जाईपर्यंतच भाजा आणि दळा. "खमंग" भाजण्याचा मोह झाला की संपलं! मोड आलेल्या दाण्यातलं अमायलेज जळतं, आणि पेल्यात माल्टऐवजी भिंतीवर पत्रक चिकटवायची खळ येते.

2 चमचे पीठ 1 कप गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्याही होतात आणि अमायलेजही मरतं. 65 अंशांच्या आसपास, म्हणजे वाफ येतेय पण उकळी नाही अशा बेतावर, 10 मिनिटं ढवळा. मगच उकळी आणा. आधी दाटतं, मग पातळ होतं. इथे दहापैकी नऊजण "बिघडलं की!" म्हणत आणखी दोन चमचे पीठ ओततात. बिघडलेलं नसतं, स्टार्च तुटत असतो. चव बघाल तर जेमतेम गोड, कारण माल्टोजची गोडी साखरेच्या निम्मीसुद्धा नाही. पण रक्तात ग्लुकोज होऊन पोचायला मात्र पहिला नंबर. गोड लागलं असतं तर निदान चैन तरी झाली असती!

एकादशीला रताळं. कच्च्यात माल्टोज जवळपास नसतं. सावकाश तापताना ते तयार होतं. म्हणून निखाऱ्यात भाजलेलं मधासारखं, आणि कुकरमध्ये घाईने शिजवलेलं त्यामानाने फिकं. उपवासाला कुकर लावणारे नकळत पथ्य पाळतात.

गुळाबद्दल बोलायलाच नको. "नैसर्गिक आहे हो" म्हणत चहात दोन खडे टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्यातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे डब्यातली तीच साखर, फक्त काष्टा नेसून आलेलं.

राहता राहिला कुंदा. "साखर एकदम कमी घातलीय बघा," दुकानदार सांगतो, आणि तो खोटंही बोलत नसावा. पण 1 लिटर म्हशीच्या दुधात 50 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मुळातच असतं, आणि दूध आटवताना पाणी उडून जातं, लॅक्टोज कढईतच राहतं. वर तो खरपूस तपकिरी रंगसुद्धा याच लॅक्टोजची आणि दुधातल्या प्रथिनांची करामत. एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने फार तर पाव किलो घ्यावा.