‘एकदा रक्त तपासलं की कळप ब्रुसेलामुक्त’: खुलासा

पशुपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘म्हशीचं रक्त एकदा तपासून निगेटिव्ह आलं की ब्रुसेलोसिसची चिंता मिटली.’ हे चूक आहे. (ब्रुसेलोसिस म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग; त्यात जनावर गाभडतं, म्हणजे त्याचा गर्भपात होतो.)

या रोगासाठी रक्ताची रोझ बंगाल चाचणी करतात. तिच्यात काचेवर किंवा पांढऱ्या फरशीवर सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा) थेंब आणि तेवढंच गुलाबी अँटिजेन (मारलेल्या, रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) मिसळून चार मिनिटं हलवतात. गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. म्हणजे इथे जंतू दिसत नाहीत, दिसतात ती जंतूंविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं. ती तयार व्हायला वेळ लागतो. नुकतीच लागण झालेली म्हैस म्हणूनच निगेटिव्ह येऊ शकते. गाभण म्हशींचा तर जास्तच घोळ: काहींचा निकाल गाभडल्यावर किंवा व्यायल्यावरच फिरतो, आणि जंतू सर्वांत जास्त बाहेर पडतात तेही नेमके तेव्हाच, जार आणि स्रावातून. त्यामुळे ठरावीक अंतराने अख्ख्या कळपाची फेरतपासणी लागते. विकत आणलेली म्हैसही आधी वेगळी ठेवायची, पुन्हा तपासायची आणि मगच कळपात सोडायची.

याच मेसेजचं दुसरं टोक, ‘पॉझिटिव्ह म्हणजे रोग पक्का’, तेही घाईचं. ब्रुसेलोसिसवरची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या पारड्यांना देतात. तिच्यामुळेही काही काळ चाचणी पॉझिटिव्ह येते. लसीची नोंद नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार? अशा वेळी एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन ही रक्ताचीच दुसरी चाचणी प्रयोगशाळेत करून, लसीकरणाचा इतिहास पाहूनच निष्कर्ष काढतात.

आणि हो, रिपोर्ट काहीही असो, गाभडलेला गर्भ उघड्या हातांनी उचलू नका. हा रोग माणसालाही होतो.