डोकं आहे, पण बसत नाही

"बाई, डोकं आहे हो त्याला, पण अभ्यासाला बसतच नाही." पालकसभेत हे वाक्य मी किती वर्षं ऐकतेय. परवा पुन्हा ऐकलं, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा. गणिताचा तास सुरू झाला की त्याची पेन्सिल मोडायची, तहान लागायची, पोट दुखायचं. घरच्यांनी शिकवणी लावली, सायकल कबूल केली, दोन फटकेही दिले. त्याच्या वहीत 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मीही मारला होता.

एकदा मधल्या सुट्टीत त्याला शेजारी घेऊन ३१२ भागिले ७ करायला सांगितलं. सात चोक अठ्ठावीस, भाग बरोबर लावला. मग ३१ मधून २८ वजा केले आणि लिहिले १७. आठातून एक गेला सात, तिनातून दोन गेले एक. सतरा साताहून मोठे आहेत, म्हणजे काहीतरी चुकलंय, एवढं त्याला कळत होतं. काय चुकलंय ते कळत नव्हतं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागला. दुसरीतली हातच्याची वजाबाकी त्याला कधी उमगलीच नव्हती, आणि दोन वर्षं आम्ही सगळे त्याला आळशी म्हणत होतो!

'डोकं आहे' हे कौतुकसुद्धा मुलांना जड जातं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या संशोधकांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं पुढं अवघड कोडी आली तेव्हा लवकर खचली, 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली जास्त चिकाटीनं बसली. हुशार म्हणवल्यावर चुकायची भीती वाटते. त्यापेक्षा वहीच न उघडलेली बरी.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीमुळं पाचवी-आठवीत मुलाला पुन्हा मागं ठेवता येतं. 'आता घाबरून तरी अभ्यास करतील' असं काही पालक म्हणतात. घाबरून हातचा कसा येणार?

अशा वेळी मला बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. बोर्डी-कोसबाडची आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जायची. या दोघींनी मुलांना नावं ठेवली नाहीत, कुरणातच शाळा नेली. मूल कुठं अडलंय ते आधी पाहिलं.

त्या मुलासाठी आम्ही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढले. एक दशक सोडायचा, दहा सुट्या काड्या करायच्या, मग वजा करायच्या. रोज पाचच वजाबाक्या, घरी काही नाही. पहिले दोन दिवस तो चिडचिड करत होता. त्या आठवड्यात शेजारच्या मुलाचीही तीच चूक सापडली, मग तिसरी एक मुलगी निघाली.

काल मी फळ्यावर गणित लिहीत होते, तर मागून आवाज आला, "बाई, याच्यात हातचा लागणार."