मावशीची सही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक वाद पेटतो: कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींचे नमुने आणि त्यांची माहिती परदेशी जाऊ द्यायची का? मामेभाऊ लिहितो, ‘पेशी आमच्या, डेटा आमचा, आणि औषध विकणार तुम्ही!’ तुम्ही म्हणजे मी. वेल्समधल्या एका टिश्यू बँकेत, म्हणजे रुग्णांच्या गाठींचे तुकडे संशोधनासाठी जपून ठेवतात तिथे, मी संमतीपत्रं तपासतो.

त्याचा राग खोटा नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या संशोधन-संग्रहाने ५ लाख लोकांचे नमुने जमवले, त्यातले सुमारे ९५ टक्के गोरे. मिश्री-तंबाखूने होणारा गालाचा, हिरडीचा कॅन्सर त्यातून कितीसा कळणार? म्हणून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये गाठींचा संग्रह आहे, पुण्यात इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलासचं, म्हणजे भारतीय रुग्णांच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल नोंदवायचं, काम चाललंय, याचं मला अप्रूप आहे. पण नमुना देशात राहिला म्हणजे तो रुग्णाचा राहिला, हे काही मला पटत नाही.

आमचं काम तसं साधं. गाठ ऑपरेशन थिएटरमधून पॅथॉलॉजीत येते. निदानाला लागेल तेवढा भाग सोडून उरलेल्यातला एक छोटा तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा, तोही झटपट, कारण शरीराबाहेर आल्यावर आरएनए, म्हणजे पेशीतली जनुकांचा निरोप वाहणारी रेणूंची साखळी, तुटायला लागतो. मग उणे ८० अंशांचा फ्रीझर, बारकोड, आणि कोणता बारकोड कोणाचा याची यादी वेगळीकडे, कुलपात. खरं मोल पुढच्या नोंदींचं: केमो कोणती दिली, आजार उलटला का, माणूस पाच वर्षांनी आहे का. त्या नसतील तर फ्रीझरमध्ये नुसतं गोठलेलं मांस. म्हणजे एका सहीवर आम्ही त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं राहतो.

ब्रिटनला हे शहाणपण उपजत नव्हतं. लिव्हरपूलच्या आल्डर हे हॉस्पिटलने मेलेल्या मुलांचे अवयव आईबापांना न विचारता ठेवून घेतले होते. २००१मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला, देश हादरला, आणि संमती बंधनकारक करणारा २००४चा ह्यूमन टिश्यू कायदा झाला. आपल्याकडेही कागद कमी नाहीत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायची सोय आहे.

अडतं ते खाटेपाशी. तीन वर्षांपूर्वी मावशीच्या गालातली गाठ काढली तेव्हा मी रजा टाकून गेलो होतो. डॉक्टरांना आधी कोण भेटलं? मी आणि मावसभाऊ. काय म्हणालो? ‘तिला कॅन्सर म्हणू नका, खचेल.’ फॉर्मांचा गठ्ठा आला, भाच्याने फुल्या दाखवल्या तिथे मावशीने सह्या केल्या. त्यातला एक कागद उरलेली गाठ संशोधनाला देण्याचा होता. मी वाचला, मराठी चांगलं होतं. असा फॉर्म कार्डिफमध्ये माझ्या टेबलावर आला असता तर मी बाद केला असता. तिथे गप्प बसलो. जिला आजाराचं नाव माहीत नाही ती त्या आजाराच्या संशोधनाला संमती कशी देणार?

इथे सगळं बरं आहे असं नाही. पुष्कळदा पेशंट एकटाच येतो, एकटाच सही करतो, कॉफीच्या मशीनपाशी एकटाच उभा राहतो. आपली गर्दी मला तेव्हा हवीशी वाटते. पण त्या गर्दीतल्या कोणीतरी सहीआधी रुग्णाला विचारावं, ‘तुला किती ऐकायचंय?’ थोडंच, म्हणाली तरी चालेल. ती म्हणाली पाहिजे.

मामेभावाला हे लिहिलं. त्याने अंगठा दाखवला आणि पुन्हा अमेरिकन कंपन्यांवर घसरला.

गेल्या दिवाळीत मावशी चकल्या तळता तळता म्हणाली, “तू तिकडं गाठींचंच काम करतोस ना रे? तिथल्या बायकांना सांगतात का, काय झालंय ते?”

“सांगतात.”

“बरं,” म्हणाली आणि झारा निथळत धरला. “मला पण माहीत होतं म्हणा.”