मधल्या फळीतल्यानं बॅग उघडू नये

सगळ्यात आधी कोल्हापूर डोक्यातून काढा. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात आणि माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचाच राहतो. तालीम बदलायची म्हटलं तर आधी चहाची टपरी बदलावी लागते, मग कटिंगवाला आणि शेवटी मामा. अशा हवेत वाढलेल्या पोराला निष्ठा नावाचा आजार जडतो. भारतात, व्यावसायिक फुटबॉलमध्ये, तेही मधल्या फळीत पंधरा वर्षं काढायची असतील तर हा आजार मिसरूड फुटायच्या आत बरा करून घ्या.

जागा मात्र मधलीच निवडा. स्ट्रायकर गोल मारतो, गोलकीपर तो अडवतो, बचावपटू चुकतो. तिघांचीही नावं दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. तुम्ही नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर पळणार, आणि पेपरात येणार ‘संघाने मैदानाच्या मध्यभागी वर्चस्व राखले’. या वाक्यात आपण कुठं आहोत हे आईला बोट ठेवून दाखवावं लागेल. गोलच्या आधीच्या पासला असिस्ट म्हणतात. त्याच्याही आधीचा पास तुमचा असतो, त्याला काहीही म्हणत नाहीत.

गोल करण्याच्या भानगडीत पडायचंच असेल तर क्लायमॅक्स लॉरेन्ससारखं पडा. गोव्याचा हा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतलाच. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध हैदराबादेत सामना बरोबरीत सुटल्यात जमा होता, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी त्यानं गोल केला. पुढे भारत ती स्पर्धा जिंकला आणि २०११ च्या आशिया कपला पात्र ठरला. पण आईवडिलांनी असं दूरदर्शी नाव ठेवलेलं नसेल, तर तुम्ही आपले आडवे पास देत राहा.

मिडफिल्डरला नाव कमवायचा दुसरा मार्ग आहे, तो कोर्टातून जातो. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोस्मान मिडफिल्डरच. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला, तरी क्लब त्याला डंकर्कला जाऊ देईना. वर नवा पगार देऊ केला तो जुन्याच्या एक चतुर्थांश. पाच वर्षं भांडून, १५ डिसेंबर १९९५ रोजी, त्यानं युरोपीय न्यायालयातून निकाल आणला की करार संपला की युरोपातला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी क्लबला पैसे मोजायला नकोत. त्या निकालावर पुढच्या पिढ्यांनी बंगले बांधले. बोस्मानच्या वाट्याला कर्ज आणि दारू आली. मग फ्रान्सचा लास्साना दियारा, तोही मधल्या फळीतलाच. २०१४ मध्ये मॉस्कोच्या लोकोमोटिव्हनं त्याचा करार तोडला, उलट त्याच्याकडूनच कोटी युरोंच्या घरात भरपाई मागितली, आणि त्याला घ्यायला निघालेला बेल्जियमचा क्लब घाबरून मागे फिरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. तेव्हा त्याचे बूट खुंटीला लागून काही वर्षं झाली होती. तात्पर्य, मैदानावर मधल्या फळीकडे कुणी बघत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात तिचाच दबदबा आहे.

कोच तुम्हाला पहिला धडा देईल तो मान वळवण्याचा. बॉल पायाशी यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं, कोण कुठं आहे ते डोक्यात ठेवायचं. हा धडा मन लावून घोटा. आपल्याकडे त्याचा जास्तीचा उपयोग आहे. मागे बघितल्यावर क्लब अजून जागेवर आहे की नाही तेही कळतं.

कारण भटका खेळाडू म्हटलं की लोकांना वाटतं, हा पैशासाठी दर वर्षी दार बदलतो. तिकडे युरोपात असेल. इथं तुम्ही जागचे हलत नाही, दारच निघून जातं. महिंद्रा युनायटेड घ्या. मुंबईचा क्लब, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी तर पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तो २०११ मध्ये बंद. एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन संघांना २०१३ मध्ये निकषांत बसत नाहीत म्हणून लीगमधून काढलं. ऑफिसच्या संघात एक बरं होतं, संघ गेला तरी टेबलखुर्ची राहायची. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेले कितीतरी मिडफिल्डर सकाळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर टॅकल करून दुपारी फाइलींवर सह्या करत. तुम्ही व्यावसायिक आहात, तेव्हा तुम्हाला खुर्ची नाही.

पुणेकरांनी तर या विषयात विद्यापीठच काढलं. २०१४-१५ च्या हंगामात या एका शहरात तीन व्यावसायिक क्लब होते. पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी, आणि तिघांचंही घर बालेवाडी. ज्या शहरात दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवत नाहीत, तिथं तीन क्लब! भारत एफसी आय-लीगचा, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगच्याच नव्या नावाचा, एकच हंगाम खेळला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये लीगमध्ये दुसरा आला होता, तोही गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटी २०१९ पर्यंत टिकला. त्या पाच वर्षांत तुम्ही पुण्यात फ्लॅट घेतला असेल तर अभिनंदन, तो भाड्यानं द्या.

इथून पुढचा भूगोल नीट लक्षात ठेवा, करारावर सही करताना लागतो. २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबादनं घेतली आणि पुण्याचे बरेचसे खेळाडू तिकडे गेले. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. हैदराबादनं २०२१-२२ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकली, दोनच वर्षांत पगार थकले, खेळाडू पांगले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. म्हणजे दिल्लीचा संघ ओडिशात, पुण्याचा हैदराबादेत, हैदराबादचा दिल्लीत. एसटीच्या कंडक्टरला बदलीच्या ऑर्डरी येतात तशा इथं शहरांना येतात. पुण्यातून निघालेला माणूस एका जागी बसून राहिला असता तरी दिल्लीला पोचला असता.

गोव्यात गेलात तर दुःख जरा खानदानी मिळेल. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता. २०१५ मध्ये खालच्या विभागात घसरला, तिथं जिंकून पुन्हा वर यायचा हक्क मिळवला आणि २०१६ मध्ये तो हक्क न वापरताच बाजूला झाला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हेही त्याच वर्षी बाहेर. वरच्या नव्या लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, जायचा रस्ता खेळून मिळणारच नसेल तर खेळायचं कशाला, असा त्यांचा रास्त सवाल होता. मिडफिल्डरला असे सवाल विचारता येत नाहीत. त्याला हप्ते असतात.

वेळापत्रकाचंही सांगून ठेवतो. आयएसएलच्या सुरुवातीच्या वर्षांत ती लीग ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची आणि जानेवारीपासून आय-लीग. एकाच हंगामात माणूस दिवाळीत एका क्लबचा आणि होळीत दुसऱ्याचा. दिवाळीत ज्याच्या पायावर घसरून तुम्ही यलो कार्ड घेतलं, होळीत तो तुमचा रूममेट. म्हणून टॅकल करताना माणसाचा चेहरा बघावा. त्या काळात मैदानावर सहा परदेशी चालायचे, भारतीय उरायचे पाच, त्यातला एक बहुधा गोलकीपर. राहिलेल्या चारांत तुमचा नंबर लागला तरी मध्यभागी कुणी ब्राझीलचा किंवा स्पेनचा पाहुणा उभा असायचा आणि तुम्हाला कोच सांगायचा, ‘तू आज राइट बॅक खेळ.’ हो म्हणायचं. पुढं २०२१ पासून परदेशी चारवर आले. तोवर तुम्ही खरोखरच राइट बॅक झालेले असता.

बदलीचा आदर्श नमुना हवा असेल तर २०२०-२१ चा हंगाम बघा. कोविडमुळे सगळी आयएसएल गोव्यात, प्रेक्षकांविना. सगळे संघ आपापल्या हॉटेलांत बंदिस्त, सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोला. मध्येच एफसी गोवानं लेनी रॉड्रिग्जला एटीके मोहन बागानला दिलं आणि तिकडून ग्लॅन मार्टिन्सला घेतलं. दोघेही मिडफिल्डर, दोघेही गोव्याचे. कोलकात्याच्या क्लबकडे जाताना लेनीला गोवा सोडावं लागलं नाही, आणि मार्टिन्सला घरच्या क्लबात यायला गोव्यातच असावं लागलं. बदललं काय, तर हॉटेल. आणि ज्या क्लबशी ही देवघेव झाली त्याचं नावही त्याच वर्षी नवं होतं. आधी अॅटलेटिको डी कोलकाता, मग नुसतं एटीके, मग एटीके मोहन बागान, २०२३ पासून मोहन बागान सुपर जायंट. सासर तेच, आडनाव दर सणाला वेगळं.

विजेतेपद मिळालंच तर फार नाचू नका. २०२४-२५ ची आय-लीग संपली, एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेते म्हणून करंडक दिला, आणि जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादानं विजेतेपद इंटर काशीला दिलं. एप्रिलमध्ये वाटलेले पेढे परत कसे मागायचे, हे लवादानं सांगितलेलं नाही.

दुखापतीबद्दल काय सांगू, गुडघा एकदा जाणारच. तो जाईल तेव्हा करार असू द्या, एवढंच.

घरच्यांना सांगायची वाक्यं आत्ताच पाठ करा. ‘करार एक अधिक एक आहे’ म्हणजे दुसरं वर्ष त्यांच्या मर्जीवर. ‘लोनवर जातोय’ म्हणजे कर्ज काढलं नाही, मलाच कर्जाऊ दिलंय. हे वाक्य मुलीकडच्यांसमोर म्हणू नका, ते फक्त पहिला शब्द ऐकतात. आणि ‘चर्चा चालू आहे’ म्हणजे फोन येत नाहीये. जुलै २०२५ मध्ये तर अख्खी आयएसएलच थांबवून ठेवली, महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला म्हणून. तोवर आपण समजत होतो की करार संपला की खेळाडू बेकार होतो.

सुट्टीत गावी गेलात की शाहू स्टेडियमच्या बाहेर चहाला थांबायचा मोह होईल. थांबा. पण तिथं लहानपणचा बचावपटू भेटेल, जो गेली वीस वर्षं एकाच तालमीकडून त्याच त्या पायानं चुकतोय, आणि विचारेल:

‘‘काय रं, आता कुणाकडनं खेळणार?’’

‘‘नाव ठरायचंय अजून.’’

‘‘तुझं?’’

‘‘क्लबचं.’’